गार इंजिन

ती मोटार माझ्यासाठी घ्यायची होती, आणि घेताना मला सोडून साऱ्या झरी गावाला विचारलं.

माझं पहिलं बाळ परभणीच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मामंजी म्हणाले, "आता बैलगाडी न्हाई." निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. परभणीचे एक वकील गाव सोडून चालले होते, त्यांची जुनी मोटार घेऊन ड्रायव्हर दुपारी दारात आला.

मामंजींची बैल पारखायची रीत अशी, की ताजंतवानं जनावर बघायचंच नाही. दिवसभर नांगराला जुंपायचं आणि दमलं की त्याचा श्वास ऐकायचा. मोटारीलाही तोच न्याय. ह्यांनी ड्रायव्हरकडून शिकत ती संध्याकाळपर्यंत शिवारात फिरवली, थांबवली, परत चालू केली. दर वेळी पहिल्याच हँडलला सुरू. "दमतच न्हाई. लय गुणाची हाय," मामंजी म्हणाले.

माझ्या माहेरी पिठाची गिरणी होती. मी दाराआडून म्हणाले, "मामंजी, आज हितंच ठिवून घ्या, सकाळी गार असताना बघा. गिरणीचं इंजिनबी एकदा तापलं की मुकाट चालतंय, रडतंय ते सकाळी."

"गिरणी येगळी, सूनबाई," म्हणून हसले, आणि सौदा झाला. मला इतका राग आला की त्या दिवशी भाकरी कुणाला मऊ मिळाली नाही.

पुढे अमावस्या होती, म्हणून दोन दिवस गाडीला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना मला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. ह्यांनी हँडल मारून मारून तळहात सोलून घेतले. इंजिन नुसतं खोकायचं. मागच्या सीटवर पडल्या पडल्या मला पहिलं बाळ आठवत होतं. हेही जाणार, असं मी धरूनच चालले होते.

मामंजींनी गोठ्यातली बैलजोडी आणली, मोटारीला दोर बांधला आणि गावाबाहेरच्या उतारापर्यंत ती ओढत नेली. तिथं दोर सोडून बैल बाजूला घेतले, गाडी उतारावरून आपसूक पळायला लागली, तेव्हा कुठं इंजिन सुरू झालं.

परभणीत मुलगी झाली, धडधाकट. तिला बघायला आले तेव्हा मामंजी खाली बघून म्हणाले, "तुझं ऐकाया पायजे होतं."

पाच-सहा वर्षांनी ती मोटार विकायला काढली. पिंगळीचं एक कुटुंब सकाळी बघायला येणार होतं. त्याआधी थोडी तापवून ठेवावी म्हणून आमचे हे हातात हँडल घेऊन निघाले. मामंजींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"गारच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यांच्याबी घरात सून असंल."