इंगळेसाठी काढलेला रस

फौजेतली शेवटची पोस्टिंग खडकीत झाली. पेन्शन घेऊन कोथरूडला राहायला आलो आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. काम सोपं होतं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असेल त्याला आत सोडायचं. पट्टा विसरलेल्याचं इंग्रजी ऐकून घ्यायचं.

कंपनीत ‘हेल्थ वीक’ ठरला. आदित्य नावाचा इव्हेंट मॅनेजर माझ्याकडे आला.

“काका, तुम्ही लडाखला होतात ना? सुकं फळ भिजवून ज्यूस होतो का हो?”

“होतो. गरम पाण्यात भिजवा, कुस्करा, गाळा. ताज्याची चव येत नाही. मंडईत ताजी फळं मिळतात. ऐकलं असेल.”

“पण त्यात स्टोरी नाही ना. पोस्टरवर तुमचा युनिफॉर्ममधला फोटो टाकू. ‘जवानांचं एनर्जी ड्रिंक’.”

स्टोरी हवी होती. सांगितली.

मी तेव्हा हवालदार होतो. बर्फामुळे आमच्या पोस्टचा रस्ता बंद झाला होता. रेशनमधले ज्यूसचे डबे गोठून फुटले होते. लान्स नाईक इंगळे, बुलढाण्याचा, तापानं पडला. तोंड इतकं आलं होतं, की घास गिळवेना. नर्सिंग असिस्टंट थॉमस म्हणाला, “पातळ काहीतरी पोटात गेलं पाहिजे.”

मी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

“वेदर खराब. हेलिकॉप्टर नाही. पेशंटला फ्रूट ज्यूस द्या. ओव्हर.”

“डबे फुटलेत. ओव्हर.”

“रेकॉर्डप्रमाणे स्टॉक आहे. आउट.”

खाली गरम खोलीत बसलेल्या माणसाला रेकॉर्ड पुरतं.

स्टोअरमध्ये सुके जर्दाळू होते, चामड्यासारखे. बर्फ वितळवून ते स्टोव्हवर ठेवले. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही. फळ मऊ व्हायला दुपार गेली. कुस्करून पट्टीच्या कापडातून गाळलं. मातकट पाणी निघालं. थॉमस चमच्यानं पाजू लागला.

इंगळे म्हणाला, “उस्ताद, हा रस असेल तर आमच्या गावची नाली अमृत.” मग म्हणाला, “आणखी द्या.”

मगभर प्याला. दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. हेलिकॉप्टरचा आवाज दरीतून वर आला, तेव्हा इंगळे गेला होता.

आदित्यनं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मग म्हणाला, “सॅड आहे. पण शेवट बदलता येईल. तो वाचला असं लिहू.”

“फोटो मिळणार नाही,” मी म्हणालो. “जवान हा शब्दही लिहायचा नाही.”

त्यांनी लिहिला. इंटरनेटवरून कुठलातरी गॉगलवाला सैनिक आणून चिकटवला. हेल्थ वीकला लोकांनी त्या रसाचे ग्लास हातात धरून फोटो काढले आणि अर्धे ग्लास बेसिनमध्ये ओतले. मी त्याच दिवशी नोकरी सोडली. गेटवर दुसरा माणूस उभा राहिला. फरक कुणाला कळला नसावा.

इंगळे बुटका होता, चिडका होता आणि पहाऱ्याला कधी उशिरा आला नाही. त्या हिवाळ्यानंतर मी रजेवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईनं एकच विचारलं.

“उपाशी तर गेला नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. “फळांचा रस प्याला. मागून मागून प्याला.”