पन्नास बिया

माझ्या मावशीने बी-बँकेत तीस वर्षं काढली. डोंगर पालथे घालून, गुडघे फोडून घेऊन तिने दुर्मिळ रानफुलांचं बी जमवलं, वाळवलं, पाकिटांत भरून शीतपेटीत ठेवलं. ती निवृत्त झाली आणि नव्या साहेबांनी फर्मान काढलं, प्रत्येक पाकिटातल्या पन्नास बिया रुजवून तपासा. एका पाकिटात पन्नासच उरल्या होत्या. त्या फुलाचा डोंगर खाणीने कधीच गिळला होता, पण नियम म्हणजे नियम! सगळ्या रुजल्या. मोजून झाल्यावर रोपं कचऱ्यात गेली.

मावशी भेटायला गेली तेव्हा साहेब खुशीत होते. "बाई, तुमचं बी शंभर टक्के उगवलं!"

"मग आता पाकिटात काय आहे?"

"काळजी नको. रिकामं पाकीट जपून ठेवलंय, लेबलसकट."