जिवंत सुनेला उदबत्ती

जपानातल्या उवाजिमा गावी, सामुराई इमाओकांच्या घरी तलवारी दोन होत्या, पण तांदळाचं पिंप कायम तळाला गेलेलं. तशातही सेत्सुबाईंनी आपल्या सामोनला इंग्रजी शिकायला नागासाकीला धाडलं. पोरगा हुशार निघाला. शोगुनाचं राज्य बुडालं, बादशहाची नवी राजवट आली, तशी इंग्रजी येणाऱ्यांची चलती झाली. सामोन आधी दुभाषा झाला, मग युरोपातल्या वकिलातीत चिटणीस. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांना जायचा, तहांचे मसुदे करायचा. गावी मात्र आठ वर्षांत फिरकला नव्हता.

गावी त्याची बायको होती, नुई. सासऱ्यांचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा त्यांचं अंथरुणातलं सगळं तिनंच काढलं. दिवसभर माग, उरलेल्या वेळात सेवा. सेत्सुबाई तोंडाच्या फटकळ. सुरुवातीला त्यांनी सुनेला सार खारट झालं म्हणून बोलून घेतलं, आळणी झालं म्हणूनही बोलून घेतलं. पण सासरे गेले त्या हिवाळ्यापासून दोघी एकाच शेगडीला पाय शेकत बसू लागल्या आणि बोलणी आपोआप थांबली.

पुढे बातमी आली, सामोन मायदेशी परतलाय, परदेशी वकिलातीचा मुख्य वकील म्हणून नेमला जाणार आहे, गावी येतोय. तो यायच्या आधीच तोक्योहून कुमेदा नावाचे एक पोक्त गृहस्थ दारात उभे राहिले. काळा कोट, उंच टोपी, हातात रेशमी रुमालात बांधलेली पेटी. सेत्सुबाईंनी त्यांना बसवलं. नुई चहा घेऊन आली.

"एका बड्या सरदारांच्या कन्येसाठी आपल्या चिरंजीवांचा विचार चाललाय," कुमेदा अदबीनं म्हणाले आणि रुमाल सोडून उदबत्त्या काढू लागले. "म्हटलं, त्याआधी आपल्या दिवंगत सूनबाईंना उदबत्ती लावावी. यांतली त्यांच्या नावाची पाटी कुठली?"

पितरांच्या देव्हाऱ्यातल्या पाट्यांवरून त्यांची नजर फिरत होती. नुईच्या हातातला चहा हातातच राहिला.

"पाटी कशाला शोधताय?" सेत्सुबाई म्हणाल्या. "ती काय, तुमच्यापुढे उभी आहे. चहा घ्या, गार होतोय."

कुमेदांचा चेहरा कागदासारखा झाला. "काहीतरी गैरसमज..."

"गैरसमज कसला? माझ्या मुलानंच सांगितलं ना?"

कुमेदांनी उदबत्त्या पुन्हा रुमालात बांधल्या. टोपी उचलून ते चालते झाले.

सामोन आला तो मिशांना मेण लावून. आईपुढे वाकला, बसला आणि बायकोकडे न बघता बोलू लागला.

"आई, तू समजून घे. तिकडे वकिलाच्या बायकोला परपुरुषाच्या हातात हात घालून मेजवानीला जावं लागतं. फ्रेंच बोलावं लागतं. हिला जमणार आहे का ते? देशाच्या इभ्रतीचा प्रश्न असतो."

"तुझ्या बापाचं हगणं-मुतणं ही काढत होती, तेव्हा कुठे होता रे तुझा देश?"

"आई, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांच्या डोळ्यांदेखत केलंय तिनं."

दाराशी बसलेली नुई म्हणाली, "मला एवढंच सांगा. मी कशानं मेले म्हणून सांगितलंत?"

सामोननं घसा खाकरला. "पटकीनं. त्या वर्षी साथ होती."

"पटकीनं?" आजवर त्या घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. "म्हणजे हगवण लागून? चांदीच्या ताटांपुढे बसून हे सांगितलंत लोकांना? मारायचंच होतं तर बाळंतपणात मारायचं! निदान आपण संसार केला, असं तरी कुणाला वाटलं असतं."

सामोनला उत्तर द्यायची गरजच नव्हती. घराचा कर्ता तो आणि कायदा त्याचा. जुन्या रिवाजाप्रमाणे साडेतीन ओळींचं सोडपत्र लिहून त्यानं नुईपुढे सरकवलं.

तिनं बोचकं बांधलं, तशा सेत्सुबाईही उठल्या. देव्हाऱ्यातली नवऱ्याची पाटी काढून त्यांनी किमोनोच्या बाहीत सारली.

"तू कुठे निघालीस?" सामोन ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"ते तू सांग त्यांना. तुला छान सुचतं."

बंदराजवळच्या मासळी गल्लीत दोघींनी बिऱ्हाड केलं. सेत्सुबाईंनी सरकारदप्तरी वेगळं घर नोंदवून नुईला रीतसर मुलगी म्हणून दत्तक घेतलं. नुईचा माग पुन्हा चालू झाला.

कुणाला वाटेल, त्या खोटारड्याचं पितळ उघडं पडलं असेल. छे! लग्न जमवण्यात कुमेदांचीही अब्रू अडकली होती. त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. लग्न थाटात झालं. सामोन मुख्य वकील झाला, छातीवर पदकं लागली. बरोबरीचे तह मागायला, जपानी माणसाला माणूस म्हणून वागवा असं गोऱ्यांना बजावायला तो देशोदेशी हिंडला. फार पोटतिडकीनं बोलायचा म्हणे. सेत्सुबाईंना हे कुणी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं की त्या उठून परसात जाऊन थुंकून यायच्या.

तो राग शेवटपर्यंत निवळला नाही, आणि नुईनंही तो निवळवायचा प्रयत्न केला नाही. बाजारात एखादी नवखी कोळीण हात जोडून म्हणायची, "त्या मोठ्या वकीलसाहेबांच्या आई ना तुम्ही?"

"मी विणकरणीची आई," सेत्सुबाई म्हणायच्या. "तारल्या ताज्या आहेत का, ते सांग."