आपलं की त्यांचं

ऑफिसात तिला सगळे न्यायाधीशबाई म्हणत. चिडवायचं म्हणून पडलेलं नाव, पण खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचं. कामच तसं होतं. दुकानदारांना बिलं काढायला सॉफ्टवेअर लागतं ना, ते तिची कंपनी बनवायची. नीट चालत असे तोवर कुणी हूं की चूं करत नसे. पण फोनवाल्यांनी आपल्या सिस्टमचं नवं अपडेट सोडलं रे सोडलं, की सकाळपासून बोंबाबोंब सुरू. बिल निघत नाही, काल चालत होतं, आज काय धाड भरली? मग प्रश्न एकच. चूक आमच्या सॉफ्टवेअरची, की त्या मेल्या अपडेटची? आपलं की त्यांचं? हे ठरवायला तिला बसवलं होतं.

ठरवायची रीत साधी. तिच्या टेबलाच्या खणात एक कोरा फोन असायचा. कोरा म्हणजे अगदी कोरा, ना कुणाचा फोटो, ना नंबर, ना निरोप. त्यावर सॉफ्टवेअर बिघडलं की ते मुळासकट काढून टाकायचं आणि नव्याने टाकायचं. चाललं, तर दोष आपला. नाही चाललं, तर खापर त्यांच्या डोक्यावर. काढा-घाला, काढा-घाला. बोटांना इतकं वळण पडलं होतं की शेजारणीशी गप्पा मारता मारता ती हे उरकायची. काढताना फोन विचारायचा, ‘यातलं सगळं पुसलं जाईल, नक्की ना?’ त्या प्रश्नाकडे तिने कित्येक वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कोऱ्या फोनातून जायचं काय, कपाळ!

गिऱ्हाइकांना मात्र तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. ‘बॅकअप घेतलाय ना? नसेल तर कशालाही हात लावू नका.’

तिचा नवरा शाळेत कवायतीचा मास्तर. आवाज असा, की मैदानात त्याने ‘सावधान’ म्हटलं की कुंपणापलीकडून जाणारा पोस्टमनसुद्धा ताठ व्हायचा. पोरांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि त्यात अन्याय काहीच नव्हता. भोंग्याला घरातही हळू बोलणं जमलं नाही. ‘अहो, मी इथेच बसलेय, गच्चीवर नाही,’ असं म्हणता म्हणता तिचं अर्धं आयुष्य गेलं. आणि त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. दैवाची चेष्टा तरी बघा, घ्यायचं तर नेमकं हेच!

दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी एक अ‍ॅप सुचवलं. ऑपरेशनच्या आधी आपली रोजची वाक्यं आपल्याच आवाजात टॅबमध्ये भरून ठेवायची. मग बटण दाबलं की टॅब तुमच्या आवाजात बोलणार. मास्तर कामाला लागला. खिडक्यांवर जाड चादरी टांगून, दार लावून तो वाक्यं भरत बसायचा. ‘अगं, ऐकलंस का.’ ‘चहा फुळकवणी झालाय.’ ‘माझा चष्मा कुणी पळवला?’ बायकोची फिरकी घ्यायला, ‘काय न्यायाधीशबाई, निकाल काय?’ दूर दिलेल्या लेकीसाठी, ‘काय गं चिमणे.’ लेकीला दिवस गेले होते, म्हणून शेवटी येणाऱ्या नातवंडासाठीही एक भरलं. पोर पहिलं पाऊल टाकेल तेव्हा वाजवायचं. ‘एक-दोन, एक-दोन, चल माझ्या सोन्या.’ उभ्या जन्मात तो एवढ्या हळू आवाजात कधी बोलला नसेल. दाराबाहेर ती तोंडावर हात दाबून उभी होती.

अ‍ॅपमध्ये बॅकअपची सोय होती. ती चालू करायची राहिली. ‘करते हो रविवारी,’ ती म्हणायची. ऑपरेशन झालं, दवाखान्याच्या खेपा झाल्या, रविवार आले नि गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

टॅब मात्र इमानाने बोलायला लागला. घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. चहा फुळकवणी आहे हे तो दिवसातून दहादा वाजवायचा, चांगला झाला असला तरी. ती वैतागायची, आणि वैतागायला मिळतंय म्हणून मनात सुखावायची.

आणि एका शनिवारी पहाटे टॅबने आपलं आपण नवं अपडेट घेतलं. सकाळी मास्तरने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटणं सगळी जागच्या जागी, आवाज तेवढा गायब. त्याने टॅब कानाशी नेला, हलवला, आणि बायकोच्या हातात दिला.

तिने अ‍ॅपवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, सिस्टमच्या नव्या अपडेटमुळे होतंय, त्यांना विचारा. सिस्टमवाल्यांना लावला. ते म्हणाले, आमचं अपडेट ठीक आहे, अ‍ॅप बनवणाऱ्यांशी बोला. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना! तिने चिडून चिडून अ‍ॅपवाल्यांना लांबलचक तक्रार लिहिली, आणि लिहिता लिहिता तिला उमगलं, की ही दोन्ही उत्तरं तिच्या ओळखीची होती. असलीच उत्तरं तिने स्वतः किती दुकानदारांच्या तोंडावर फेकली होती. पलीकडच्याचा जीव कसा होतो, हे आज कळत होतं.

दर रविवारी दुपारी लेकीचा फोन यायचा. त्या रविवारी सकाळी मास्तरने कागदावर लिहिलं, ‘राहू दे. उद्या उत्तर येईल त्यांचं.’

‘अहो, तुम्ही गप्प बसा हो!’ ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली. तो हसला. खांदे हलले, आवाज नाही. ते बिनआवाजाचं हसू तिला बघवेना.

‘थांबा, आत्ता दाखवते त्यांना कोणाचं आहे ते,’ असं म्हणून तिने टॅब मांडीवर घेतला.

हातांनी हातांचं काम केलं. अ‍ॅपवर बोट दाबून धरलं. काढून टाका. टॅबने काहीतरी विचारलं, ती ‘हो’ म्हणाली. नव्याने टाकलं. तपासायला चार शब्द टाइप केले, लिहिलेलं वाचून दाखवायचीही अ‍ॅपला सोय होती, आणि बटण दाबलं. टॅब खणखणीत बोलला!

‘बघा!’ ती ओरडली. ‘त्यांचंच! अ‍ॅपचंच होतं! दुसऱ्यावर ढकलतायत मेले!’

मग तिला ऐकू आलं. बोलणारा कुणी परका बुवा होता, बातम्या वाचतात तसल्या गुळगुळीत आवाजाचा. मास्तरने टॅब ओढून घेतला. ‘माझा आवाज’ असा एक कप्पा होता, तो उघडला. आत फक्त एक ओळ होती. ‘अजून काही भरलेलं नाही.’

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. ऑफिसच्या खणातला तो कोरा फोन हाताळावा तसा तिने नवऱ्याचा टॅब हाताळला होता, आतमध्ये कुणीच राहत नसल्यासारखा.

दुपारी लेकीचा फोन आला. मास्तरने टाइप केलं. परका बुवा म्हणाला, ‘काय गं चिमणे.’

लेकीने विचारलं, ‘आई, हे कोण बोलतंय? बाबा कुठेत?’

आईने फोन ठेवून दिला आणि ती धाय मोकलून रडली.

सोमवारी अ‍ॅपवाल्यांचं उत्तर आलं. सभ्य होतं, बिचारं. अपडेटने आवाजाचे नियम बदलले होते, आणि अ‍ॅपने ते वेळेत पाळले नव्हते. थोडी चूक सिस्टमवाल्यांची, थोडी आमची. लवकरच दुरुस्ती पाठवतो. पुढे लिहिलं होतं, ‘आपण भरलेला आवाज टॅबमध्ये सुखरूप आहे. कृपया अ‍ॅप काढून टाकू नका.’

तिने फोन लावला. कुठे एखादी प्रत असेल का हो, तुमच्याकडे, कुठेही? पलीकडची मुलगी लाघवी होती. तिने हळुवारपणे विचारलं, ‘मॅडम, बॅकअप घेतला होता का?’

संध्याकाळी मास्तर तिच्यासमोर येऊन बसला. त्याने टाइप केलं आणि परका बुवा मोठ्याने म्हणाला, ‘काय न्यायाधीशबाई, निकाल काय?’

आवाज परका, पण चेष्टा त्याचीच होती. तिला सावरायलाच तो ती करत होता.

‘आपलं नाही,’ ती म्हणाली, ‘त्यांचंही नाही. माझं हो. माझं. मी पुसलं तुम्हाला.’

त्याने टॅबचा आवाज कमी करत करत अगदी बंद केला, काहीतरी लिहिलं आणि पाटी दाखवावी तसा टॅब तिच्यापुढे धरला. ‘हा आवाज नको आपल्या घरात.’

दुरुस्ती आली. ‘आवाज न येण्याची अडचण दूर केली आहे,’ असं त्यात लिहिलं होतं. तिने तो मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, आता ती सगळंच वाचते, आणि ‘हो’ दाबलं. अ‍ॅप अगदी उत्तम चालतं. त्या घरात ते मुकं ठेवलेलं असतं. तो लिहितो, ती वाचते.

लेकीला मुलगा झाला. आता तो धरून धरून उभा राहतो. लेक फोन त्याच्या कानाशी नेऊन म्हणते, बाबा, बोला ना. मास्तर फोनवर बोटाच्या पेराने ठोके देतो. एक-दोन, एक-दोन. पोर खिदळतं. ठोके सुरू झाले की इकडे ती काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते.