बॅटरी बसलेली व्हॅन

त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. मिल बंद झाल्यावर बाबांनी इंदूर-महू सवाऱ्या मारायला कर्जावर व्हॅन घेतली होती. हप्ते थकले, तसा फायनान्सकडून वसुलीला तो येऊ लागला. स्कूटर दोन घरं अलीकडेच लावायचा. पोहे नको म्हणायचा, पण वर सेव घातली की बशी साफ करायचा. आईसमोर हप्त्याचा विषय काढत नसे. ‘ते आपल्या दोघांतलं काम’ म्हणायचा बाबांना.

एका सकाळी तो गाडी न्यायलाच आला. बाबांनी चावी दिली. सगळी गल्ली ओट्यावर बसलेली. तो आत बसला, चावी फिरवलीच नाही आणि मोठ्यानं ओरडला, “काकाजी, बॅटरी बैठ गई वाटतं! धक्का द्या जरा, गॅरेजला नेतो.”

इंदूरचीच गल्ली ती! “रुको भिया!” म्हणत चौघं धावले. बाबाही मागून लागले. कोपरा वळल्यावर गाडी चटकन सुरू झाली.

पुढे कितीतरी दिवस शेजारी विचारायचे, “गाडी अजून दिली नाही का हो त्यानं?”

आणि बाबा त्या गॅरेजवाल्याला दर वेळी नव्यानं शिव्या घालायचे.