आमच्या लॅबमधले पैलवान

कॉलेजच्या लॅबमध्ये भांडी फुटत राहतात आणि किस्से साठत राहतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरला केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. जोशी सर आमचे प्रमुख, आणि वसुधा माझ्यासारखीच डेमॉन्स्ट्रेटर. कुठं ईथरचा वास आला की अजून मी तिथं जाऊन पोचतो!

*

सर मुंबईहून एक नवी पद्धत शिकून आले होते. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ लेप द्यायचा, खाली नमुन्याचा थेंब ठेवायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, आणि प्रत्येक औषधाचा ठिपका आपापल्या उंचीवर थांबतो.

हे कळल्यावर श्रीगोंद्याकडच्या एका जत्रेतले कुस्त्यांचे पंच येऊन धडकले.

"सर, ड्रायव्हर लोकांच्या झोप उडवायच्या गोळ्या खाऊन पैलवान लढत्यात. तुमी धरून द्या."

"देतो. लघवी आणा."

पंच गडबडले. "कुनाची? आमची?"

*

पहिला संशय राहुरीकडच्या सोपानवर. दारात मावणार नाही असा गडी, पण बाटली घेऊन संडासात बसला तो बसलाच! तांब्यावर तांबे पाणी प्याला. व्हरांड्यात वसुधा लेबल लावायला उभी.

शेवटी आतून आवाज आला, "बाई, जरा लांब जा. तुमी हाय तवर येनार न्हाई!"

वसुधा तोंडात पदर धरून थेट मैदानापर्यंत पळाली. तसं हसणं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही.

*

आणि सोपानच्या पट्टीवर ठिपका उमटला! शेजारी मुद्दाम लावलेल्या गोळीच्या ठिपक्याच्या अगदी जवळ. पंच म्हणाले, "काढा भाईर."

सोपान रडकुंडीला आला. "आईची आन, गोळी कसली असती त्ये बी ठावं न्हाई!"

वसुधाला मात्र ठिपक्याची उंची खटकत होती. ती म्हणाली, "सर, तुमचीही बाटली द्या."

सर लालबुंद झाले, पण दिली. सरांच्या पट्टीवर तोच ठिपका! मग तिनं चहाचा थेंब लावून पाहिला. पुन्हा तोच.

सर पंचांना म्हणाले, "चहाच आहे हा! आधी मला बाद करा."

सोपान लढला, आणि बघता बघता चितपट झाला. तरी पेढे घेऊन लॅबमध्ये हजर! "हरलो बाई, पन गोळी खाऊन न्हाई!"

*

पुढं वसुधाला जर्मनीतल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथं म्हणे यंत्रच कागदावर रेघ काढून औषध ओळखायचं. तिला पोचवायला मी एसटी स्टँडवर गेलो. काय बोलायचं ते सकाळपासून घोकत होतो. तोंडातून निघालं, "तिकडं थंडी असेल, स्वेटर घ्या."

"घेतलाय," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

गाडी सुटली, फाटकापाशी जाऊन थांबली. वसुधा उतरली आणि माझ्याकडं पळत आली. मी सकाळचं घोकलेलं पुन्हा जुळवायला लागलो.

"माझी पिशवी!"

खरंच, तिची पिशवी माझ्याच हातात होती. तिनं बंद धरला, पण माझी बोटं सुटेनात. दोघंही तसेच उभे.

कंडक्टर दारातून ओरडला, "बाई, ह्यांचं बी तिकीट फाडू का?"

वसुधा माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हटलं, "मला दुपारी प्रॅक्टिकल आहे."