आबांचं भाषण आणि माझी सही

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेली. दोंडाईच्याजवळच्या एका गावात लग्न होऊन आले, तेव्हा आमच्या भाऊबंदांत एवढी शिकलेली सून दुसरी नव्हती. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं, सभांना ऊत आला होता आणि सासरे, म्हणजे आबा, बहुतेक सभांचे अध्यक्ष असत. त्यांना वाचता येई, सही येई. भाषण येत नसे.

मुलींच्या शाळेचं उद्घाटन ठरलं तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "माय, दोन पानं लिखी दे. बाईनी शिकाले जोयजे, आसं काही."

मी लिहिलं, "बाईच्या हातातली लेखणी ही घरातली समई आहे." आठ दिवस त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. सभेला मी मात्र गेले नाही. घरच्या बायकांनी सभेला जायची आमच्याकडे रीत नव्हती. शाळा दोन घरं सोडून होती. भाकरी थापताना माझ्या वाक्यांना पडलेल्या टाळ्या मला ऐकू आल्या. घरी आल्यावर आबा म्हणाले, "समईवर लोक भलता खुश व्हयनात." आणि जेवायला बसले.

अशी सात-आठ भाषणं झाली. सगळी स्त्रीशिक्षणावर.

मग एका दुपारी मी भाषणाऐवजी हीच हकीकत लिहून काढली. सासरा बोलतो, सून लिहिते, समई चुलीपाशी. खाली सही केली, 'एक भगिनी'. ती सही चार दिवस माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांच्या तोंडून बोलायचा कंटाळा आला म्हणून लिहिलं, आणि आता स्वतःचंच तोंड झाकायचं? ती खोडून मी पूर्ण नाव घातलं. बाजारच्या दिवशी सासूबाई मिरचीचा भाव करत होत्या, तेवढ्यात पाकीट टपालपेटीत टाकलं. ते धुळ्याच्या एका साप्ताहिकाला गेलं आणि छापून आलं.

आबा अंक ओट्यावर मोठ्याने वाचत. चार-पाच माणसं ऐकायला बसलेली असत. त्या दिवशी वाचता वाचता ते मांडीवर थापा मारू लागले. "कोनता गावना शे हाऊ म्हातारा? भलता ढोंगी शे!"

शेवटी त्यांनी खालचं नाव वाचलं. ओट्यावर कोणी हसेना. एकाने धीर करून विचारलं, "आबा, हाई तुमनीच सून ना?"

तीन दिवस आबांनी माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आते माहेर जाशी तू." मी ट्रंक भरायला काढलीसुद्धा. पण चौथ्या दिवशी तालुक्याची सभा आली. आबा दाराशी येऊन उभे राहिले.

"भाषण लागस."

"मी लिखसू," मी म्हणाले. "पन वाचसू बी मीच."

ते भाषण न घेताच सभेला निघून गेले. सभेत त्यांनी, मी नंतर ऐकलं, स्वतःच्याच मनाने "पोरीस्ले शाळामा धाडा" एवढं म्हटलं आणि खाली बसले. इतक्या टाळ्या त्यांना कधीच पडल्या नव्हत्या. भाषण लवकर संपल्याचाही आनंद असावा.

ट्रंक परत जागेवर गेली आणि मी लिहीत राहिले. पुढचा लेख छापून आला, तेव्हा आबांनी अंक न उघडताच विचारलं, "यामा मी शे का?"

"नाही, आबा."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग कोन शे?"

"सासूबाई."

आबा चष्मा लावून, अंक उघडून ओट्यावर बसले आणि त्यांनी सासूबाईंना ऐकायला हाक मारली.